छोट्या पडद्यावरचा विज्ञानपट आणि चित्रफितीची पाठपरंपरा

प्रास्ताविक

मराठी विज्ञानकथेचा परिचय आपण आतापर्यंत मुद्रित साहित्याच्या अंगाने करून घेतला आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली. पुढे १९७९ साली त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. हा इतिहास पुस्तकांचा आहे. परंतु विज्ञानकथा केवळ पुस्तकांतून पसरली नाही. पुस्तक विकत घेण्याची सवय नसलेल्या असंख्य घरांत ती दूरचित्रवाणी संचाच्या काचेवरून आली, आणि १९८० नंतर व्हिडिओ कॅसेटमधून आली. प्रस्तुत लेखात आपण या दुसऱ्या वाटेचा विचार करणार आहोत.

यासाठी एक विशिष्ट कलाप्रकार निवडला आहे: चित्रपटगृहासाठी नव्हे, तर थेट दूरचित्रवाणीसाठी तयार केलेला विज्ञानपट. आपल्याकडे अशा कृतीला सैलपणे ‘टेलिफिल्म’ म्हणतात. या कृती एकदा, फार तर दोनदा प्रक्षेपित होत आणि नाहीशा होत. त्यांतील ज्या टिकल्या त्या बहुधा फितीमुळे टिकल्या. मराठीच्या विद्यार्थ्याला या विषयाचे अगत्य का असावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ‘पाठ’ या संकल्पनेत आहे. पोथ्यांच्या नकला, त्यांतील पाठभेद, शुद्ध प्रत सिद्ध करण्याची खटपट हा आपल्या अभ्यासाचा जुना विषय आहे. चित्रफितीने तोच प्रश्न विसाव्या शतकात नव्या साधनांनिशी पुन्हा उभा केला.

औद्योगिक पट्ट्यातील काच

पिंपरी-चिंचवड परिसराचे उदाहरण येथे मुद्दाम घेऊ. या पुस्तिकेच्या वाचकांपैकी अनेकजण कारखान्यात नोकरी करीत शिकत असतात, त्यांना ते जवळचे वाटेल. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पन्नाशीच्या दशकात उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांच्या शेतांमधून कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. १९७० साली येथे नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. योगायोग असा, की भारतीय दूरचित्रवाणीला रंग मिळाला तोही १९८२ सालीच. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये आशियाई क्रीडास्पर्धा रंगीत दिसल्या. त्यापूर्वी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले होते आणि १९७३ पासून सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले होते.

दूरदर्शनचे मुख्य कार्यक्रम संध्याकाळचे असत. आता कारखान्याच्या पाळ्यांचा विचार करा. दुसऱ्या पाळीचा कामगार दुपारी घराबाहेर पडे तो मध्यरात्रीच्या सुमारास परते. म्हणजे ज्या वेळी सारा देश एकाच वाहिनीसमोर बसलेला असे, त्या वेळी हा माणूस यंत्रासमोर उभा असे. पंधरवड्यातून किंवा आठवड्यातून पाळी बदलली, की मालिकेचे मधले दोन-तीन भाग निसटलेले असत. प्रक्षेपणाचे वेळापत्रक हे एका अर्थी कार्यालयीन माणसाचे वेळापत्रक होते. व्हिडिओ कॅसेटने हा जुलूम प्रथम मोडला. कार्यक्रम त्याच्या वेळी नव्हे, आपल्या वेळी पाहता येऊ लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये सोनी कंपनीविरुद्धच्या खटल्यात, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले ध्वनिचित्रमुद्रण हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निर्णय दिला. त्या निर्णयाच्या मुळाशी प्रेक्षकाला आपला वेळ बदलून घेता यावा हाच विचार आहे.

अर्थात, स्वतःचा व्हीसीआर असणारी घरे आपल्याकडे थोडी होती. बहुतेक घरांत तो भाड्याने येई. एका रात्रीसाठी यंत्र, सोबत दोन-तीन कॅसेटी, आणि खोलीत शेजारपाजार. या रात्रींचा मुख्य खुराक हिंदी चित्रपटांचा होता हे खरे. पण व्हिडिओ लायब्ररीच्या फळीवर इंग्रजी कॅसेटींचाही एक कोपरा असे, आणि त्यात चित्रपटगृहासाठीचे व दूरचित्रवाणीसाठीचे विज्ञानपट सरमिसळ पडलेले असत. ग्राहकाला हा भेद कळण्याचे कारण नव्हते. वेष्टनावर अंतराळयान असले, की तो विज्ञानपट.

दूरदर्शनवरही या प्रकाराची ओळख होत होती. ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका दाखविली गेली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ या हिंदी मालिका आल्या. केतन मेहता यांचा ‘कॅप्टन व्योम’ १९९८ साली आला. चाकणची गोष्ट मात्र वेगळी आहे. चाकणचे नाव तोपर्यंत संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी घेतले जाई. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली. म्हणजे चाकण औद्योगिक झाले तेव्हा कॅसेटचे युग मावळत होते. पिंपरीतील वडील आणि चाकणमधील मुलगा यांच्या पाहण्याच्या सवयींत एका संपूर्ण तंत्राचे अंतर आहे.

टेलिफिल्मची घडण

दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र चित्रपट बनविण्याची प्रथा अमेरिकेत १९६४ साली सुरू झाली. १९६९ ते १९७५ या काळात एबीसी या वाहिनीने ‘मूव्ही ऑफ द वीक’ या नावाने दर आठवड्याला नवा चित्रपट दाखविला. त्याला दीड तासाची जागा मिळे. जाहिराती वजा जाता चित्रपट सुमारे ७४ मिनिटांचा उरे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ड्युएल’ हा १९७१ सालचा चित्रपट मुळात असाच ७४ मिनिटांचा होता. परदेशांतील चित्रपटगृहांसाठी त्यात भर घालून तो ९० मिनिटांचा करण्यात आला. पाठभेदाचे बीज येथेच दिसते. ‘मूळ’ ड्युएल कोणता? लहान की मोठा?

जाहिरातीसाठी थांबावे लागणार म्हणून पटकथा तुकड्यांत लिहावी लागे. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस एक छोटे संकट, मग पडदा काळा. नाटकातील अंकाचा पडदा आणि साप्ताहिकातील क्रमशः कादंबरीचे प्रकरण यांची ही सख्खी भावंडे. पुढे हेच चित्रपट कॅसेटवर आले तेव्हा जाहिराती गळाल्या, पण काळोख राहिला. दर बारा-पंधरा मिनिटांनी चित्र विनाकारण विझते आणि पुन्हा उजळते. टेलिफिल्म ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे, आणि या जागा काढून टाकणारे संपादन मला तरी अन्यायाचे वाटते. ओवीबद्ध ग्रंथ गद्यात छापण्यासारखे ते आहे.

पैसा कमी असे. चित्रीकरणाला दोन-तीन आठवडे मिळत. त्यामुळे ज्या कथांना महागड्या दृश्यांची गरज नाही अशाच कथा निवडल्या जात, आणि परिणामी हे विज्ञानपट बोलके झाले. आपल्याकडील एकांकिकेशी किंवा आकाशवाणीच्या श्रुतिकेशी त्यांचे नाते भव्य चित्रपटापेक्षा जवळचे आहे. ‘किलडोझर’ (१९७४) हे याचे मजेदार उदाहरण. थिओडोर स्टर्जन यांच्या १९४४ सालच्या दीर्घकथेवर ते आधारलेले आहे. एका निर्जन बेटावर बांधकाम करणारी कामगारांची छोटी टोळी, आकाशातून पडलेली एक शिळा, तिला धडकल्यावर सचेतन झालेला बुलडोझर. एवढेच भांडवल. खर्च काय, तर एक खरा बुलडोझर आणि काही माणसे. समीक्षक या चित्रपटाला हसत आले आहेत. पण प्रेस शॉपमध्ये किंवा फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या प्रेक्षकाला, यंत्र आपल्या मनाने चालू लागले तर काय, ही कल्पना हास्यास्पद वाटेलच असे नाही. विज्ञानकथेचा अर्थ वाचकाच्या अनुभवाशी जोडूनच घ्यावा लागतो, हे सूत्र येथेही लागू आहे.

शेफिल्डचे उदाहरण

या प्रकारातील सर्वांत गंभीर कृतींपैकी दोन अणुयुद्धावर आहेत. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेत ‘द डे आफ्टर’ दाखविला गेला. सुमारे दहा कोटी लोकांनी तो एकाच संध्याकाळी पाहिला. सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसीने ‘थ्रेड्स’ दाखविला. लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन. घटनास्थळ शेफिल्ड, म्हणजे पोलादाचे शहर.

शेफिल्डची निवड सहज झालेली नाही. कारखान्यांचे शहर हे युद्धात लक्ष्य असते. चित्रपटाच्या आरंभी आपल्याला दोन साधी कुटुंबे दिसतात. लग्न ठरले आहे, घर लावायचे आहे, नोकरीची काळजी आहे. जगाच्या राजकारणाच्या बातम्या मागे चालू आहेत आणि त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. मधूनमधून एक निवेदक अत्यंत कोरड्या स्वरात माहिती देतो आणि पडद्यावर टंकलिखित अक्षरे उमटतात. हा कोरडेपणाच भयानक ठरतो. आपत्ती आल्यावर महापालिकेचे अधिकारी तळघरात बसून निर्णय घेण्याची धडपड करतात. त्यांच्याकडे नकाशे आहेत, नियमपुस्तिका आहेत, पण शहराचा एक धागा दुसऱ्याला जोडलेला उरलेला नाही. ‘थ्रेड्स’ या नावाचा अर्थ हाच.

भाषेच्या विद्यार्थ्याने या चित्रपटाचा अखेरचा भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. युद्धानंतर जन्मलेली मुले मोठी झाली आहेत. त्यांना शाळा मिळालेली नाही, आजीच्या गोष्टी मिळालेल्या नाहीत. त्यांची इंग्रजी तुटकी आहे: दोन-तीन शब्द, क्रियापदाची जेमतेम खूण, आणि हातवारे. अन्न, वीज, औषध यांबरोबर व्याकरणही नष्ट होते, ही कल्पना इतक्या थोड्या संवादांतून फार क्वचित मांडली गेली असेल. भाषा ही व्यक्तीच्या डोक्यात नसून पिढ्यांच्या संभाषणात असते, हे भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमातील विधान येथे डोळ्यांना दिसते.

विचार करा: आपल्या परिसरातील अशी कोणती व्यवस्था आहे की जी एक दिवस बंद पडली तर तिच्यावर आणखी किती व्यवस्था अवलंबून होत्या हे कळेल? पवना धरणाचे पाणी, वीज, कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे भोसरीतील लघुउद्योग यांपैकी एक धागा घेऊन एका पानाचे कथाबीज लिहून पाहा.

फितीचे यंत्रशास्त्र

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. सोनीची बीटामॅक्स त्याआधी एक वर्ष आली होती. कॅसेटमधील फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर चिकटद्रव्याने बसविलेला असतो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ही फीत अडीचशे मीटरांहून थोडी अधिक भरते.

यंत्रशाळेत काम करणाऱ्यांना यातील खरी गंमत चटकन उमगेल. फीत स्वतः अगदी संथ, सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्राची माहिती मावणार नाही. म्हणून वाचणारे शीर्षच फिरते ठेवले आहे. ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरका दंडगोल मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्यावरील शीर्षे फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात. त्यामुळे शीर्ष आणि फीत यांच्यातील सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ४.८ मीटर होतो. एकेका रेघेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. दंडगोलाची झीज, फितीचा ताण किंवा मार्गदर्शक खुंटीची उंची यांत केसभर फरक पडला, की चित्राच्या तळाशी पांढरे ओरखडे दिसतात. ‘ट्रॅकिंग’चे बटण फिरवून लोक जे करीत ते या रेघा पुन्हा जुळविणेच होते.

आता नकलेचा प्रश्न. चुंबकीय फितीची नक्कल केली की प्रत्येक वेळी थोडा गोंगाट वाढतो आणि थोडा तपशील कमी होतो. मूळ प्रक्षेपणात जेवढा बारकावा असे, त्याच्या सुमारे निम्माच, म्हणजे २४० ओळींचा, व्हीएचएसमध्ये उतरे. त्याची नक्कल, तिची नक्कल, असे करत चौथ्या-पाचव्या पिढीतील चेहरे ओळखू येत नसत आणि लाल रंग शर्टाबाहेर सांडलेला असे. परदेशातून आलेल्या कॅसेटीची आणखी एक अडचण होती. अमेरिकेची पद्धत ५२५ ओळींची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. आपली ६२५ ओळींची आणि २५ चित्रांची. पद्धत बदलणारे यंत्र नसेल तर अमेरिकेहून आलेली कॅसेट येथे नुसती लोळत असे.

एक बारीक फरक तर प्रेक्षकाच्या लक्षातही येत नसे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चित्रित होतो. आपल्या पद्धतीत तो २५ ने दाखविला जाई. म्हणून ७४ मिनिटांचा ‘ड्युएल’ भारतीय किंवा ब्रिटिश कॅसेटवर ७१ मिनिटांत संपतो आणि त्यातील आवाज किंचित चढा लागतो. काहीही कापलेले नाही, तरीही कृती तीन मिनिटांनी आखूड झाली आहे.

पाठभेद आणि शुद्ध प्रत

येथे ज्ञानेश्वरीचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. मूळ ग्रंथानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती तपासून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या एका पोथीवरून वेगळी आवृत्ती काढली आणि प्रमाण पाठ कोणता या वादाला नवे तोंड फुटले. नकलकार चुकतो, नकलकार सुधारतो, आणि मूळ हस्तलिखित तर हाताशी नसते. अशा वेळी संपादकाला उपलब्ध साक्षी पारखून निर्णय घ्यावा लागतो.

अमेरिकेतील ‘द लेथ ऑफ हेवन’ या विज्ञानपटाची हकीकत या प्रकाशात पाहू. अर्सुला ली ग्विन यांची ही कादंबरी १९७१ सालची. ज्याची स्वप्ने वास्तव बदलून टाकतात असा एक भिडस्त तरुण, आणि त्या स्वप्नांना हाताशी धरून जग सुधारू पाहणारा मनोविकारतज्ज्ञ, यांची ही कथा आहे. प्रत्येक सुधारणेबरोबर जग आणखी बिघडत जाते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीने अत्यल्प खर्चात तिच्यावर चित्रपट केला. भविष्यातील शहर म्हणून डॅलसमधील खऱ्याखुऱ्या आधुनिक इमारतीच वापरल्या. जानेवारी १९८० मध्ये तो प्रक्षेपित झाला. १९८८ साली त्याच्या पुनःप्रक्षेपणाचे हक्क संपले आणि त्यानंतर बारा वर्षे तो अधिकृतपणे कोठेही दिसला नाही. अडचणींपैकी एक होती बीटल्सच्या एका गाण्याची. कथेत ते गाणे मोक्याच्या जागी येते, पण त्याचे हक्क नव्याने मिळविणे सोपे नव्हते.

या बारा वर्षांत चित्रपट जिवंत राहिला तो कोणाच्या तरी घरी १९८० च्या सुमारास मुद्रित केलेल्या कॅसेटींच्या नकलांवर. २००० साली तो पुन्हा दाखविण्याचे ठरले तेव्हा चित्रपटाच्या मूळ फिल्मप्रती उपलब्ध नव्हत्या. दोन इंची व्हिडिओ फितीवरून प्रत सिद्ध करावी लागली. बीटल्सचे गाणे काढून त्या जागी दुसऱ्या गायकाने गायिलेले तेच गाणे घातले. आता विचार करा: दुकानात मिळणारी स्वच्छ डीव्हीडी प्रमाण, की मूळ गाणे असलेली, पण रंग सांडलेली घरगुती कॅसेट प्रमाण? माझ्या मते या प्रश्नाचे एकच उत्तर देण्याची घाई करू नये. चित्राच्या बाबतीत डीव्हीडी श्रेष्ठ साक्षीदार आहे, ध्वनीच्या बाबतीत कॅसेट. चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या संपादकाला हा पेच अपरिचित नाही.

इतर काही कृती सुदैवी ठरल्या. राइनर वेर्नर फासबिंडर यांचा ‘वर्ल्ड ऑन अ वायर’ हा दोन भागांचा जर्मन विज्ञानपट १९७३ साली दूरचित्रवाणीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला. फिल्म असल्यामुळे २०१० साली त्याचे पुनरुज्जीवन करता आले. ‘थ्रेड्स’ही फिल्मवरच चित्रित झालेला होता.

दुर्दैवी कृतींतील एका नावाचा मराठी विज्ञानकथेशी थेट संबंध आहे. १९६१ साली बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही सात भागांची विज्ञानमालिका दाखविली. तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. त्याच काळात जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. परग्रहावरून आलेला संदेश उलगडून त्यातील सूचनांनुसार यंत्र बांधायचे की नाही, हा या मालिकेतील पेच. ज्या गुरूने विज्ञानकथा लिहिणे हे शास्त्रज्ञाला कमीपणाचे मानले नाही, त्याच्या शिष्याने पुढे मराठीत हा प्रकार प्रतिष्ठित केला. पण गुरूची ती मालिका आज आपण पाहू शकत नाही. तिचा केवळ सहावा भाग संपूर्ण उपलब्ध आहे. बाकीचे तुकडे आणि छायाचित्रे. फिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या प्रसिद्ध मालिकेचे नव्वदहून अधिक भाग याच रीतीने हरवले आहेत.

आपल्याकडे वेगळे घडले नाही. मुंबई दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातील अत्यंत लोकप्रिय ‘चिमणराव’ मालिकेचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. चिं. वि. जोशी यांचे पुस्तक ग्रंथालयात मिळते. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव मात्र मुख्यतः ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत आहे. मुद्रित साहित्य आणि दृक्-श्राव्य कृती यांच्या आयुर्मानातील हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हक्क कोणाचा

कॅसेटच्या प्रसाराने कायद्यालाही धावपळ करावी लागली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांचा स्पष्ट समावेश करण्यात आला, शिक्षा वाढविण्यात आल्या आणि कॅसेटवर निर्मात्याचे नाव व परीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा तपशील देणे आवश्यक झाले. पाठोपाठ नवा प्रश्न आला. एका खोलीत व्हीसीआर ठेवून तारेने शंभर घरांना चित्रपट दाखविला, तर ते खासगी पाहणे की सार्वजनिक प्रदर्शन? १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयाने गरवारे प्लास्टिक्स आणि टेलिलिंक यांच्यातील दाव्यात, असे दाखविणे हे जनतेपर्यंत कृती पोहोचविणेच आहे, आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी हवी, असा निर्णय दिला. गल्लीतील केबलवाल्याचा व्यवसाय तेव्हा नुकता कोठे रुजत होता.

हा कायदा योग्यच आहे. पण जतनाच्या दृष्टीने पाहिले तर एक विसंगती जाणवते. ज्यांना नक्कल करण्याचा हक्क होता त्यांनी अनेकदा फिती पुसल्या, आणि ज्यांना तो नव्हता त्यांच्या नकलांमुळे काही कृती वाचल्या. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, परंतु त्याचा मुख्य भर चित्रपटांवर राहिला. घरगुती चित्रफीत कोणाच्याच अखत्यारीत आली नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. म्हणजे संस्थेच्या तिजोरीतील प्रतसुद्धा अमर नसते.

घरातील कॅसेटी

आपल्यापैकी काहींच्या घरी, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी, अजूनही कॅसेटी असतील. काही भंगारात गेल्या. चिखली-कुदळवाडीच्या गोदामांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशा यंत्रांचे अवशेष अनेकांनी पाहिले आहेत. ज्या उरल्या त्यांच्यापुढे दोन संकटे आहेत. पहिले हवामानाचे. पावसाळ्यातील दमटपणात फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते आणि चिकटद्रव्य पाणी शोषून ओलसर-चिकट होते. अशी फीत यंत्रात घातली तर थर खरवडला जातो, शीर्षे बुजतात, आणि त्याच यंत्रात पुढे लावलेली चांगली कॅसेटही खराब होते. दुसरे संकट यंत्राचे. व्हीसीआर बनविणारी अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबविले. फीत टिकेल, पण ती वाचणारा दंडगोल झिजल्यावर नवा मिळणार नाही.

म्हणून कॅसेट लावून पाहण्यापूर्वी तिच्या खिडकीतून फितीचा गठ्ठा तपासावा. पांढरट डाग दिसले तर ती लावू नये, जाणकाराकडे द्यावी. कडेची छोटी प्लास्टिकची टिकली मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. कॅसेट आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवावी, लोहचुंबक आणि ध्वनिक्षेपक यांपासून दूर. संगणकीय प्रत करताना कार्यक्रम तेवढा उतरवून बाकीचे गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा. दूरदर्शनवरून मुद्रित केलेल्या कॅसेटीत कार्यक्रमाच्या आधीची निवेदिका, मध्येच आलेली ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी, स्थानिक जाहिराती आणि वीज गेल्यामुळे तुटलेले दृश्य हेही उतरलेले असते. अधिकृत संग्रहात जो कार्यक्रम असतो त्यात यांपैकी काहीच नसते.

वेष्टनावर बहुधा कोणाच्या तरी हाताने काही लिहिलेले सापडेल: चित्रपटाचे अर्धवट नाव, एक तारीख, खोडून त्यावर लिहिलेले दुसरे नाव. पोथीच्या अखेरीस नकलकार आपले नाव, गाव आणि शक लिहीत असे, त्याला आपण पुष्पिका म्हणतो. कॅसेटवरील हे हस्ताक्षरही तसेच वाचावे. प्रत करताना त्याचे छायाचित्र आधी घ्यावे, खोडलेले नाव कोणते होते तेही वाचण्याचा प्रयत्न करावा, कारण त्या नावाचा कार्यक्रम नव्या मुद्रणाखाली पुसला गेलेला असला, तरी फितीच्या शेवटच्या काही मिनिटांत त्याचा तुकडा अनेकदा शिल्लक असतो.